मैद्याच्या चांदण्या

आमच्या दुकानात तिला सगळेच आत्या म्हणायचे. मास्तर तिच्यापेक्षा वयाने चांगले मोठे, तरी तेही आत्याच म्हणायचे. खरं तर ती एकाच मुलीची आत्या. पण ती मुलगी दिवसभर दुकानात "आत्या, हे बघ, आत्या, ते बघ" असा धोशा लावायची, त्यामुळे बाकीच्यांच्या तोंडातही तोच शब्द बसला. नवीन गिऱ्हाइकंसुद्धा दुसऱ्या खेपेला यायची ती "आत्या आहेत का?" असं विचारतच.

दुकान कपडे दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करणं, फाटलेलं अस्तर बदलणं, बिघडलेली चेन काढून नवी लावणं, अशी कामं. मास्तर मशीनवर बसायचे. मी मागच्या बाजूला इस्त्रीवर. आत्या खिडकीपाशी, उजेडात, हातकामाला. काजं, बटणं, रफू. तिने रफू केलेली जागा पुन्हा शोधायची म्हटलं तर बोटाने चाचपावी लागायची. दुकानाच्या वर एक खोली होती, तिथे ती राहायची. वर जायचा जिना दुकानातूनच, त्यामुळे तिचं घर कुठे संपतं आणि दुकान कुठे सुरू होतं हे तिलाही सांगता आलं नसतं.

तिचा धाकटा भाऊ लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याची बायको बाळंतपणानंतर सारखी आजारीच राहिली आणि मूल रांगायला लागायच्या आत गेली. एका सकाळी तो दुकानात आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातावर झोपलेली मुलगी. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"ताई, थोडे दिवस ठेव हिला. माझं काही मार्गी लागेपर्यंत."

आत्याने हातातली सुई टाचण्यांच्या गादीला टोचली आणि मुलीला घेतलं. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यानेही सांगितलं नाही, हिनेही विचारलं नाही. तेव्हा धागे-अस्तर पुरवणाऱ्या एका माणसाशी तिचं जमत आलं होतं. बरा माणूस होता, मितभाषी. तो येत राहिला काही महिने. मग महिन्याआड. ते लग्न कुणी मोडलं नाही, वापरून वापरून कापड विरतं तसं ते विरून गेलं. आत्याने त्यावर अवाक्षर काढलं नाही. काढायला फुरसतही नव्हती.

मुलगी गोल तोंडाची, टपोऱ्या नाकाची. मास्तर तिला बटण म्हणायला लागले. "आमचं बटण कुठे हरवलं?" म्हणून ते मशीनखाली वाकून शोधायचे आणि ती कापडाच्या ढिगातून खिदळत बाहेर यायची. मला ती इस्त्रीमावशी म्हणायची. मला वाटायचं, लहान आहे, वय वाढलं की नीट म्हणेल. तिने काही ते सोडलं नाही.

नाताळच्या झाडाची गोष्ट अशी झाली. पहिल्या नाताळात आत्याने काचेचे गोळे आणून झाड सजवलं होतं. बटण नुकती उभी राहायला शिकली होती. तिने आधार म्हणून झाडच धरलं आणि झाड आडवं. सगळ्या खोलीत काचा. आत्याने तिला उचलून पलंगावर ठेवलं, गुडघ्यावर बसून काचा वेचल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आता जे पडलं तरी फुटणार नाही तेच लावायचं. मग ते कसंही दिसो."

तेव्हापासून दोघींनी मिळून सगळं हाताने करायची रीत पडली. हिवाळा लागला की दुकानातलं काहीही टाकून द्यायची सोय नसायची. रिकामी रिळं, लोकरीचे तुकडे, पुठ्ठा, अस्तराच्या चिंध्या, जोडीदार नसलेली बटणं, सगळं वर जायचं. रिळाला लाल कापड गुंडाळलं की ढोल. मध्ये भोक पाडलेल्या पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांवर लोकर गुंडाळायची, कडेने कापायची, मध्ये दोरा आवळून बांधायचा, की गोंडा. दोन गोंडे एकावर एक चिकटवले की बर्फाचा माणूस. बटणने एकदा उंट केला. मास्तरांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "कुत्रा छान झालाय हो." ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी मास्तरांना त्या उंटाची माफी मागावी लागली, उंटाला उद्देशून.

पण तिला सगळ्यात जास्त आवडायच्या त्या मैद्याच्या चांदण्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी लागेल तसं. घट्ट मळायचं, लाटायचं, चांदणीच्या आकारात कापायचं. वर सरबताच्या नळीने भोक पाडायचं, दोरा ओवायला. आणि कच्ची असतानाच मधोमध एखादं नक्षीचं जुनं बटण दाबून उचलायचं, म्हणजे त्याचा ठसा उमटतो. ही बटणाची युक्ती आत्याची स्वतःची. मग अगदी मंद ओव्हनमध्ये ठेवून द्यायच्या, दगडासारख्या होईपर्यंत. कोटाच्या बटणांचे ठसे सगळ्यात सुंदर यायचे. बटण एकेक ठसा उमटवायची आणि विचारायची, "हा माझा झाला?" जणू तिचंच तोंड उमटलंय.

एकदा ती बालवाडीतून आली आणि इस्त्रीच्या टेबलाखाली बसून राहिली. आत्याने वाकून विचारलं, "काय झालं गं?"

"सगळ्यांना न्यायला आई येते. मी तुला आई म्हणू?"

मी इस्त्री उभी करून ठेवली. मास्तरांचं मशीन थांबलं.  आत्या म्हणाली, "तुझी आई फोटोतली. मी आत्या. आत्याने न्यायला यायचं नसतं असं कुणी सांगितलं?"

"पण म्हटलं तर?"

"नाही राणी. तो शब्द ज्याचा त्याला. मी तो उसना घेणार नाही."

नंतर मी तिला म्हटलं, अगं, म्हणू दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? ती रफू करत होती, मान वर केली नाही. "उद्या हिचा बाप लग्न करेल," ती म्हणाली. "मग त्या बाईला काय म्हणेल ही?"

आणि तसंच झालं. बटणचे दुधाचे दात हलायला लागले त्या वर्षी भावाने लग्न केलं. बायको औषधाच्या दुकानात कामाला होती. सावत्र आई म्हटल्यावर जी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते तशी ती मुळीच नव्हती. शांत, थोडी घाबरट, आल्या आल्या आत्याच्या पाया पडायला वाकली. भावाने ट्रकची नोकरी सोडून गोदामात काम धरलं होतं. घर घेतलं होतं, दोन खोल्यांचं. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "ताई, आता हिला घेऊन जातो. तू खूप केलंस."

आत्या म्हणाली, "नाताळ होऊ दे."

तेवढंच. मला तिचा राग आला होता. भांडायचं ना, रडायचं, काहीतरी म्हणायचं. पण मुलगी त्याची होती, आणि आत्याने ते एक दिवससुद्धा विसरल्याचं मला आठवत नाही.

त्या नाताळात बटणने कमालच केली. तिला कळलं होतं की झाड सजवून झालं, सण झाला, की जायचं. मग तिने झाड पूर्णच होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. रोज नवीन काहीतरी करायला घ्यायची. गोंडे, ढोल, कागदी साखळ्या, चांदण्यांवर चांदण्या. "अजून झालं नाही," म्हणायची. "इथे बघ, रिकामं आहे." फांद्या वाकल्या तरी तिला रिकामी जागा दिसायची. आत्या तिच्या शेजारी बसून मुकाट्याने दोरे ओवत राहायची. एकदाही म्हणाली नाही की आता पुरे. मैदा संपला तर खाली जाऊन आणायची. मास्तरांनी आपल्या जुन्या कोटाची बटणं कापून दिली. कोट उघडाच घालून फिरले मग हिवाळाभर.

सण झाल्यावर भाऊ-भावजय न्यायला आले. आत्याने कपडे भरले, सगळी सजावट झाडावरून उतरवून बुटांच्या खोक्यात कापसात ठेवली, तीही दिली. खाली रस्त्यावर गाडी उभी. बटणने दुकानाच्या दाराची कडी धरली ती धरलीच. रडली नाही, ओरडली नाही. नुसती धरून उभी. भाऊ पुढे झाला आणि त्याला काही ते जमेना, तो तोंड फिरवून गाडीकडे गेला. भावजय पायरीवर उभी राहून हुंदके देत होती. शेवटी आत्याच पुढे झाली. खाली बसली आणि तिने स्वतःच्या हाताने त्या मुलीची बोटं एकेक करून कडीवरून सोडवली. म्हणाली, "मी रविवारी येते."

रविवारी ती गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. बसने जायची, संध्याकाळी परत यायची. सोमवारी सांगायची, काय बोलली, काय खाल्लं, कोणता दात पडला. मग एका सोमवारी काहीच बोलली नाही. मी विचारल्यावर सांगितलं. भावजय तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली होती आणि ओट्याकडे बघत म्हणाली होती, "वन्सं, राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की ती तीन-तीन दिवस जेवत नाही. दारापाशीच बसून राहते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी काय करू तेच मला कळत नाही."

"मग काय म्हणालीस तू?"

"म्हटलं, मी काही दिवस येत नाही. तिला सवय होऊ दे."

"आणि पोरीला काय सांगितलंस?"

"दुकानात काम फार आहे म्हणून."

"खरं कारण सांगायचं होतंस."

"खरं सांगितलं तर ती त्या बाईचा राग राग करेल," आत्या म्हणाली. "जन्मभर. माझा केला तर काय, मी इथे लांब आहे."

पुढे दुकानात फोन यायला लागले. शाळा सुटायच्या वेळी. मास्तरच उचलायचे, फोन त्यांच्या टेबलावर. ते आत्याकडे बघायचे, आत्या मान हलवायची, आणि मास्तर सांगायचे, "कामात आहे गं ती." पलीकडून काहीतरी बोलणं, मग मास्तर, "हो, सांगतो." फोन ठेवून ते आमच्यापैकी कुणाकडे बघायचे नाहीत. आत्याची सुई चाललेली असायची. एकदा तिने शर्टाला बटण इतकं आवळून लावलं की गिऱ्हाइकाला ते काजातून जाईना, परत आणून दिलं त्याने. फोन आधी रोज यायचे, मग कधीतरी, मग बंद झाले.

नाताळ जवळ आला तेव्हा आत्याने भावजयीला फोन केला. मी तिथेच होते. "तिच्याबरोबर मैद्याच्या चांदण्या कर," असं म्हणाली आणि सगळं समजावून सांगितलं. मैदा किती, मीठ किती, ओव्हन किती मंद. "आणि ओल्या असतानाच मध्ये बटण दाब. ते मात्र विसरू नकोस, तिला ते लागतं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आत्या म्हणाली, "नाही, नाही. मी सांगितलं म्हणू नकोस. तुझंच म्हणून कर."

सुट्टीनंतर भाऊ दुकानात आला, खुशीत. मिठाईचा डबा घेऊन. "ताई, सुटलो एकदाचा! दोघींची गट्टी जमली. दिवसभर बसून चांदण्या केल्या, पीठ केसांपर्यंत. आणि मग एकदम म्हणाली तिला, आई, ही बघ. आम्ही बघतच राहिलो."

आत्या म्हणाली, "छान झालं. फार छान झालं." डब्यातला एक तुकडा तोंडात टाकला, मला दिला, मास्तरांना दिला. भाऊ गेल्यावर वर गेली. त्या दुपारी ती खाली आली नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना मास्तरांनी जिन्यापाशी उभं राहून हाक मारली, "आत्या, काही हवंय का?" वरून उत्तर आलं, "नको, पडलेय जरा." आवाज ओळखू येत नव्हता.

वर्षं गेली. भावाकडे मुलगा झाला. आत्या कारणाकारणाने जायची, सगळ्यांच्यात, उभ्या उभ्या. मुलगी लांबून हसायची. मग एका नाताळच्या आधी ते सगळे आत्याकडे यायचे ठरले. आत्याला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "तू वर येऊन बस," मला म्हणाली. "मला एकटीला सुचणार नाही."

बटण आता उंच झाली होती, वेणी घातलेली, आवाज हळू. मला बघून म्हणाली, "इस्त्रीमावशी ना?" मला भरून आलं. मग आत्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कशा आहात?"

तुम्ही. लहानपणी "अगं ए आत्या, तू ऐकतच नाहीस" म्हणून तिच्या पाठीवर धपाधप मारणारी मुलगी. आत्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "मी बरी आहे. बस ना."

तिने खोलीभर नजर फिरवली. "तुम्ही झाड नाही लावत?"

"एकटीला कशाला."

"असं कसं? थांबा, मी करते काहीतरी. मैदा आहे घरात? आमच्या आईची एक पद्धत आहे, मस्त चांदण्या होतात. तुम्हाला शिकवते."

भावजयीचा चेहरा पांढरा पडला. "अगं, ऐक," ती म्हणाली, "ते..." आत्याने तिच्याकडे नुसतं बघितलं.  आत्या उठली, मैद्याचा डबा काढला, मुलीच्या समोर ठेवला.

"मीठ किती घालायचं?" आत्याने विचारलं.

"मैद्याच्या निम्मं. आणि बघा, ही खरी गंमत. ओलं असतानाच मध्ये बटण दाबायचं. तुमच्याकडे तर ढीग असतील बटणं!"

"आहेत," आत्या म्हणाली. "कोणतं घेऊ?"

"नक्षीचं. कोटाचं असलं तर उत्तम."

त्या चांदण्या आधी कुणाच्या, हे तिला खरंच आठवत नव्हतं. एवढ्या लहानपणीचं एखादंच काही राहतं माणसाच्या ध्यानात. आत्या कोटाचं बटण शोधायला पेटीत वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मी उठून चहा ठेवला, कारण मला तिथे बसवेना.

मुलगी शिकली, तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. घर सोडायच्या आदल्या दिवशी सामान बांधताना भावजयीने तिला सगळं सांगून टाकलं. आपण काय म्हणालो होतो, आत्याने येणं का थांबवलं, चांदण्या कुणाच्या. इतकी वर्षं ते ओझं तिला झेपलं नसेल. दुसऱ्या दिवशी मुलगी सामानासकट दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं.

ती आत्यासमोर उभी राहिली. "मला का नाही सांगितलंत?"

आत्याला कळायला क्षणभर वेळ लागला. मग सुई ठेवली. "तू लहान होतीस."

"नंतर मोठी झाले ना? मी फोन करायचे. कुणीतरी म्हणायचं, कामात आहे. रोज. मला वाटलं मी काहीतरी केलं म्हणून तुम्ही मला टाकलंत. ते झाड पूर्ण केलं नाही म्हणून असेल, असंही वाटायचं मला. काय वाट्टेल ते वाटायचं."

मास्तर मशीनवरून उठले. "फोनवर मी असायचो, बेटा," ते म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"तू तिला आई म्हणावंस म्हणून केलं," आत्या म्हणाली. "तुला आई मिळावी म्हणून."

"मिळाली. चांगली मिळाली." मुलीचा आवाज फुटला. "पण मला आत्याही हवी होती ना! दोघी हव्या होत्या मला. एकीच्या बदल्यात दुसरी असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

 आत्या उभी राहिली, तिचे हात पुढे झाले आणि मध्येच थांबले, जवळ घ्यावं की नाही हे न कळल्यासारखे. मुलगीही पुढे झाली नाही. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडत होत्या. शेवटी आत्या म्हणाली, "चुकलंच असेल माझं. मला दुसरं काही सुचलं नाही गं तेव्हा."

मुलीने डोळे पुसले. गाडीची वेळ झाली होती. मी तिची एक बॅग उचलून बसपर्यंत गेले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मावशी, त्यांची काळजी घ्या."

मास्तर आता नाहीत. दुकान मी चालवते. आत्याच्या डोळ्यांना रफू झेपत नाही, ती खिडकीपाशी बसून बटणं तेवढी लावते, तीही चाचपून. मुलगी दर वर्षी येते, सणाच्या आसपास. येताना फळं आणते, डॉक्टरकडे नेते, औषधं लावून देते. अजून तुम्हीच म्हणते. प्रेमाने म्हणते, पण तुम्हीच. आत्याने एकदा धीर करून सांगून पाहिलं, "मला तू म्हण की." तिने प्रयत्न केला बिचारीने, दोन वाक्यं जेमतेम बोलली आणि तिसऱ्याला पुन्हा तुम्हीवर आली. दोघी हसल्या. आत्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

गेल्या खेपेला तिला सोडून आम्ही परत येत होतो. आत्या माझा हात धरून चालत होती. म्हणाली, "चांगली आहे ना गं? किती करते माझं. नात्यातली माणसंही करत नाहीत एवढं."

मी म्हटलं, "हो, चांगली आहे."